पळस्पे फाट्याच्या पुढे

"काय पडलाय काय दादा? मगापासून बघतंय मी तुमाला," पनवेलला उरण नाक्यावरच्या मासळी बाजारात बोंबलांची पाटी पुढ्यात घेऊन बसलेली बाई म्हणाली, आणि जीवन खरोखरच जमिनीवर शोधू लागला. ओली फरशी होती, खवले होते, बर्फाचं वितळलेलं पाणी गटाराच्या दिशेनं चाललं होतं. त्यानं खिसे चाचपले. पाकीट जागेवर होतं, मोबाइल होता. "नाय, काय नाय पडला," तो म्हणाला. "मंग खाली बघून कशाला चालता? आदळाल कुनावर," असं म्हणून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. तेवढंच. पण रिक्षातून रोडपालीला परत येताना त्याला ते पुन्हा पुन्हा आठवू लागलं. हरवलं काहीच नव्हतं, तर आपण शोधायला का लागलो? रिक्षातून उतरल्यावर सोसायटीच्या फाटकापासून जिन्यापर्यंत तो मुद्दाम स्वतःकडे लक्ष देऊन चालला, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपण पुढचं काही बघतच नाही. नजर पावलांपुढे दोन हातांवर. मान वर केली तर मानेच्या मागे, केस संपतात तिथे, एक तार ताणल्यासारखी होते.

अठ्ठावीस वर्षं तो न्हावा-शेव्याच्या बंदरात मोठ्या क्रेनवर ऑपरेटर होता. जमिनीपासून बारा-तेरा मजले उंच टांगलेली काचेची केबिन, पायांखालीही काच, आणि पुढे वाकून दोन गुडघ्यांमधून खाली बघत जहाजातले कंटेनर उचलायचे, धक्क्यावरच्या ट्रेलरवर ठेवायचे. तासाला पंचवीस, कधी तीस. पहिली शिफ्ट सकाळी सातची, दुसरी दुपारी तीनची, तिसरी रात्री अकराची, दर आठवड्याला बदलती. तिथून माणसं म्हणजे हेल्मेटं दिसत, पिवळी आणि पांढरी. ओळखीचा माणूस तो चालीवरून ओळखे, चेहरा मागाहून कँटीनमध्ये दिसे. मार्चमध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली, शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि एप्रिलपासून तो घरी होता. चार महिने तो घरातही खालीच बघत वावरला असणार. रंजिताला, त्याच्या बायकोला, त्यानं विचारलं, "मी खाली बघून चालतंय?" ती तांदूळ निवडत होती. "लगीन झाल्यापासून," ती म्हणाली.

मग त्याला नादच लागला. रोज सकाळी तो कळंबोलीच्या रस्त्यावर जाऊन समोर बघून चालायचा सराव करू लागला. आधी मान दुखली, मग खांदे, मग कमरेच्या वर एक जागा, जी आपल्याला आहे हेच त्याला माहीत नव्हतं. चीड यायच्या ऐवजी त्याला नवल वाटे. एवढी वर्षं हे यंत्र आपण चालवतो आहोत आणि त्याचं कुठलं चाक कुठे आहे याचा पत्ता नाही. क्रेनचा एक बोल्ट ढिला झाला तर आवाजावरून ओळखणारा माणूस तो, आणि स्वतःची मांडी आत दुखते की बाहेर हे सांगता येत नव्हतं. पाऊस संपत आलेल्या एका सकाळी ढग उघडले आणि इमारतींच्या फटीतून त्याला पूर्वेचे डोंगर दिसले. प्रबळगडाची सोंड, आणि तिच्या मागे माथेरानचा लांबलचक सपाट माथा. हे डोंगर त्यानं केबिनमधून हजारदा बघितले होते, हवा स्वच्छ आहे की नाही ते ठरवायला. तिथवर पायी जाता येत असेल का, हा प्रश्न त्याला अठ्ठावन्न वर्षांत पडला नव्हता, तो आता पडला.

हेतल शहांच्या औषधांच्या दुकानात तो मानेसाठी मलम घ्यायला गेला तेव्हा त्यानं तो प्रश्न सहज बोलून दाखवला. हेतलबेन पन्नाशीच्या, जाड भिंगांच्या. त्यांनी मलम ठेवून दिलं आणि म्हणाल्या, "पायी? अहो, आमचा ग्रुप आहे. डिसेंबरात चार दिवसांचा वॉक आहे, पनवेल ते भीमाशंकर. धोदाणीवरून माथेरान चढायचं, नेरळला उतरायचं, कशेळ्यावरून खांडस, आणि तिथून घाट चढून भीमाशंकर. तुम्ही या की. अर्धे लोक पन्नाशीच्या वरचेच आहेत." ग्रुपचा म्होरक्या विश्वजीत म्हणून एक चाळिशीचा माणूस होता, कॉलेजात भूगोल शिकवणारा. त्यानं डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं, ईसीजी मागितला आणि रविवारच्या सरावांचं वेळापत्रक दिलं.

जीवननं घरी सांगितलं तेव्हा रंजिता गॅसपाशी उभी होती. ती विरोध करील, गुडघ्यांची आठवण देईल, असं त्यानं धरून ठेवलं होतं आणि उत्तरंही जुळवून ठेवली होती. "किती दिस?" तिनं विचारलं. "चार." तिनं गॅस बारीक केला. "मी पन येतंय," ती म्हणाली. तिच्याकडे बूट होते. कपाटाच्या खालच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, करड्या रंगाचे, बऱ्यापैकी वापरलेले. कुंदननं, त्यांच्या पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं, कधीतरी आणून दिले असतील, असं जीवननं मनाशी म्हटलं आणि विषय तिथेच सोडला.

सरावाचे तीन महिने त्याला पुढे आयुष्यातल्या कुठल्याही तीन महिन्यांपेक्षा जास्त तपशिलानं आठवत राहिले. चढताना दम लागतो तो छातीत लागत नाही, आधी कानांत लागतो. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि गळून गेलं, खाली नवं पातळ नख आधीच तयार होतं, कुणी कधी बनवलं कोण जाणे. एकदा कर्नाळ्याच्या चढणीवर छातीत काहीतरी मासळीसारखं उलटलं, तो एका दगडावर बसला, आणि त्या पाच मिनिटांत त्याला आपला बाप आठवला. बाप गावी, उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावर जाळं विणता विणता बसल्या जागी गेला होता. त्रेसष्टाव्या वर्षी. म्हणजे पाच वर्षं, असा हिशेब मनानं आपला आपण केला. मग ते उलटणं थांबलं. डॉक्टर म्हणाले गॅस होता. पण तो दगड, त्यावरचं वाळलं शेवाळ, आणि पाण्याची बाटली पुढे करून काही न विचारता शेजारी उभी राहिलेली रंजिता, हे त्याच्या लक्षात राहिलं. तिला धाप लागलेली नव्हती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी पहाटे, अकरा माणसं पनवेलहून निघाली. नेरे गावाच्या पुढे फार्महाऊसांच्या भिंती विरळ झाल्या आणि वालाची शेतं लागली. रंजिता त्याच्या पुढे होती. ठरवून नव्हे, पाय तसे पडत गेले. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिला अशी पाठीमागून, सलग तासभर, कधी बघितलीच नव्हती. लग्नात ती शेजारी होती, नंतर समोर, ताट वाढताना, आणि बहुतेक वेळा झोपलेली. दुसरी शिफ्ट संपवून तो मध्यरात्र उलटल्यावर यायचा तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपलेली असे, आणि तिसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात ती जागी असताना तो झोपलेला असे. आता ती चालत होती, आणि तिच्या चालण्यात कुठे घाई नव्हती की थकवा नव्हता. टाच टेकायची, पाऊल लोळवायचं, हात कोपरात किंचित वाकलेले. पाणी ती घोटभरच प्यायची, पण दर अर्ध्या तासाला. हेतलबेनशी बोलताना ती चक्क शहरी, पुस्तकी मराठीत बोलत होती, "मला वाटतं आपण जरा सावकाश जाऊ या," असं, आणि हसत होती. घरात दोघं मोऱ्याचीच बोली बोलत. तो त्या हसण्याकडे कान देऊन चालला. कशावर हसते आहे ते कळत नव्हतं.

संध्याकाळी धोदाणीच्या शाळेत मुक्काम पडला. झोपायच्या आधी तिनं त्याच्या बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा ओवल्या, घोट्यापाशी घट्ट, चवड्यावर सैल. "उद्या चढताना आशीच ठेवा. उतरताना मला सांगा, येगली बांधावी लागतंय, नायतर बोटं पुढे आपटतान." "तुला कोनी शिकवला?" "आसाच," ती म्हणाली आणि कूस बदलली.

माथेरान त्यानं चढून टाकलं. सनसेट पॉइंटची वाट उभी होती, झाडांची मुळं धरून धरून वर जायचं होतं, पण चढ त्याला मानवला. वर पोचल्यावर लाल मातीत उभं राहून त्यानं मागे पाहिलं. पनवेल धुरकट होतं, खाडी चंदेरी रेघेसारखी होती, बंदराच्या क्रेन असाव्यात तिथे नुसता करडा पट्टा होता. आनंद झाला, पण जेवढा होईल वाटलं होतं तेवढा झाला नाही, आणि त्याचंही त्याला नवल वाटलं. खरा फटका बसला तो उतारावर. नेरळच्या बाजूला उतरू लागल्यावर तासाभरात उजव्या गुडघ्याच्या आत, वाटीच्या खाली, कुणीतरी खिळा ठेवल्यासारखं झालं. दर पावलाला खिळा थोडा आत. चढ फुप्फुसांना लागतो, उतार गुडघ्याला, हे विश्वजीतनं सांगितलं होतं, पण उतार म्हणजे सोपं हा समज काही केल्या मनातून गेलेला नव्हता. तो आडवा पाय टाकून पाहू लागला, काठीवर भार देऊन पाहू लागला. शेवटी एका वळणावर, माथेरानच्या छोट्या गाडीच्या रुळांच्या कडेला, तो बसला. बाकीचे पुढे गेले. रंजिता परत फिरली आणि येऊन शेजारी बसली. तिनं त्याचा पाय मांडीवर न घेता नुसता हातानं गुडघा दाबून पाहिला. गरम होता.

"तुला कसा काय जमतंय सगला?" त्यानं विचारलं. आवाजात थोडी तक्रार आली. खाली नेरळची घरं दिसत होती. मग ती म्हणाली, "मी चालतंय ना. पयल्यापासून."

"कवापासून?"

"पिशवीचा ऑपरेशन झाला ना माझा, कुंदन सहावीत होता तवा. डॉक्टरीन बाई बोललेली, वीस मिन्टां चाला रोज. मी पयल्या दिशी खाडीवर गेले वीस मिन्टां. परत फिरायचा मनच नाय झाला." ती बुटाच्या टोकानं एक खडा इकडून तिकडे करत होती. "मग तुमची सेकंड शिफ्ट आसली का जायचे. तुमी दोनला निघायचे, कुंदन शाळंत, मी आडीचला भायेर. कवा कामोठ्यावरून मानसरोवर, कवा तलोज्याच्या अंगाला, कवा पनवेलात जाऊन गाढी नदीच्या पुलापलीकडं. साडेपाचला घरी."

"सोला वर्सां?"

"तुमी रिटायर झालाव तोवर."

त्याला विचारायचं होतं ते तोंडाशी यायच्या आधी तिनंच उत्तर दिलं. "सांगितला आसता तर तुमी बोलला आसता, कुठवर गेलीस, कशाला गेलीस. मला जायाचा कुठं नव्हताच." आणि थोड्या वेळानं, खड्याकडे बघत, "एकदा पलस्पे फाट्यापातूर गेले. तिथं एसटी हुबी होती." तेवढ्यात खालच्या वळणावरून विश्वजीतची शिट्टी आली, ती उठली, पाठीवर सॅक घेतली आणि त्याला हात दिला. तिच्या हाताला जोर होता. एसटीचं पुढे काही निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी नेरळहून खांडसला जायचं होतं, सगळी डांबरी सडक. हेतलबेननी गुडघ्याला पट्टा बांधून दिला, गोळी दिली, आणि जीवन सगळ्यांच्या मागून चालू लागला. दुखणं होतंच, पण त्याचं लक्ष दुखण्यावर टिकत नव्हतं. तो मागची वर्षं तपासत चालला होता, एखाद्या अपघातानंतर क्रेनच्या नोंदी तपासतात तशी. चपला. दर पाच-सहा महिन्यांनी रंजिताच्या चपला झिजायच्या आणि तो एकदा तिच्यावर खेकसलाही होता, घरातल्या घरात चपला झिजतात कशा म्हणून. पुढच्या वेळेपासून ती जाड तळव्याच्या घेऊ लागली. एका उन्हाळ्यात तिच्या मानेवर, ब्लाउजच्या वर, काळी रेघ उमटली होती. घोट्याला सूज होती, तेव्हा ती म्हणाली होती जिन्यावरून पाय मुरगळला. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ती नेहमी खुशीत असे, हे तर त्याला पक्कं माहीत होतं. मित्रांना तो गमतीनं सांगायचासुद्धा, की सेकंड शिफ्ट आली की बायको गोड बोलते, कारण आपण घरी नसतो. मित्र हसत, तोही हसे. त्या वाक्यात एवढं तंतोतंत खरं होतं हे आज, कशेळ्याच्या रस्त्यावर, समोरून कोंबड्यांनी भरलेला टेम्पो जात असताना, त्याला कळत होतं.

कुणी माणूस होता का, हा विचार आला. तो येणारच होता. जीवननं तो सरळ समोर ठेवला आणि पाहिला. पळस्पे फाट्यावर, पानाच्या टपरीपाशी, कुणी वाट बघत उभा. त्याला चेहरा देऊन पाहिला, शर्ट देऊन पाहिला. पण तो माणूस काही केल्या तिथे टिकेना, आणि रंजिता एकटीच उरे, हातात बाटली, बोलत नसलेली. खरं म्हणजे माणूस असता तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. माणूस असता तर रागावता आलं असतं. दुपारच्या त्या चार वाजता तो स्वतः काय करत असेल? पायांखालच्या काचेतून बघत तो एक पेटी हुकवर घेत असेल, तिच्यात काय आहे त्याला माहीत नसे, कुठून आली माहीत नसे, कुठे चालली तेही माहीत नसे, आणि अठ्ठावीस वर्षांत एकदाही कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. पुढे गेलेली रंजिता एका आंब्याखाली थांबली होती. तो जवळ येताना दिसला तशी ती पुन्हा चालू लागली, मधलं अंतर तेवढंच ठेवून. ती थांबत होती हे खरं, आणि जवळ येऊ देत नव्हती हेही खरं. एप्रिलपासून आपण रोज दुपारी चारला घरी असतो, हे त्याच्या मनात आलं. चारला चहा लागतो. बिस्किटं लागतात. आठ महिने ती चारला चहा ठेवत होती. त्या आठ महिन्यांत ती चिडचिडी झाली आहे असं त्यानं कुंदनला फोनवर सांगितलं होतं.

खांडसला त्यांचा मुक्काम हौसाबाई म्हणून एका म्हातारीच्या अंगणात होता. चौथ्या दिवशी सकाळी विश्वजीतनं जीवनला अंगणात चार पावलं चालायला लावलं, खाली बसायला सांगितलं, आणि म्हणाला, "काका, चढाल तुम्ही. पण संध्याकाळी याच घाटानं उतरायचंय. वाटेत अडकलात तर आम्हाला उचलून आणावं लागेल. तुम्ही इथे थांबा." जीवननं वाद घातला नाही. लाज वाटली, डोळ्यांत पाणी येईल की काय अशी भीती वाटली, म्हणून तो पट्टा सोडायच्या निमित्तानं खाली वाकला. तीन महिने पहाटे उठलो, नख गेलं, आणि डोंगर समोर उभा असताना अंगणात बसायचं. रंजिता सॅक भरून तयार होती. तिनं सॅक खाली ठेवली. "मी राहतंय," ती म्हणाली. ती ते मनापासून म्हणाली, आणि म्हणताना तिची नजर घाटाकडे गेली, हे दोन्ही त्यानं पाहिलं. सोळा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या जाण्याच्या वेळी तो समोर होता. "जा तू," तो म्हणाला. "मला बघायचाय, तू कशी जातेस." तिनं सॅक उचलली आणि बाकीच्यांमागे निघाली. शेताच्या बांधावरून, मग झाडीच्या कडेनं, तिच्या सॅकवर वाळत टाकलेला जांभळा टॉवेल बराच वेळ दिसत राहिला. तो दिसेनासा झाल्यावरही वर कातळापाशी एकदा काहीतरी हललं, पण ती रंजिताच होती असं सांगता आलं नसतं.

दिवस लांबच लांब होता. हौसाबाईनं त्याच्यापुढे सूपभर वालाच्या शेंगा ठेवल्या, बसल्या हातानं सोला म्हणून, आणि स्वतःही बसली. तिची पाठ वाकून जमिनीला समांतर झालेली होती, त्यामुळे ती उभी असतानाही बसल्यासारखी वाटे. "बाय तुमची तुमच्याबिगर गेली वर?" तिनं विचारलं. "हो." "भ्या नाय वाटत तिला?" "नाही वाटत." "तुमाला वाटतंय?" त्यानं शेंग सोलली. आत चार दाणे होते, एक किडका. "मला वाटतंय," तो म्हणाला. म्हातारीनं मान डोलावली, जणू हे उत्तर बरोबर आलं. थोड्या वेळानं तिनं सांगितलं की ती स्वतः लग्न होऊन वरच्या गावातून खाली आली, तो घाट डोक्यावर भांडी घेऊन उतरली, आणि नंतर दर वर्षी एकदा चढून जायची, माहेरी. "आता?" "आता चढ नाय होत. आता हितूनच बघतंय, झाडा कवा लाल होतान, कवा हिरवी. तेवढा पुरं हाय." मग हसून, "नाय पुरं. पन काय करतंव." दुपारी तिनं नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण वाढलं. जेवून तो खाटेवर पडला, गुडघ्यावर ओला कपडा ठेवून. डोंगराची सावली हळूहळू अंगणाकडे येत होती. एसटी कुठली होती, हा प्रश्न त्याला मघापासून पडला होता, आणि आता तो छातीवर येऊन बसला. मुरूडची असेल. महाडची असेल. चिपळूणचीही असू शकते. ती गाडी हलली असती तर कुंदन कुणाकडे गेला असता, दार कुणी उघडलं असतं, मध्यरात्री आपण आलो असतो तेव्हा भिंतीकडे तोंड केलेलं कुणी नसतं. भीती होती. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, ते त्यानं ओळखायचा प्रयत्न केला. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. खिडकीबाहेर तिनं काय पाहिलं असतं. कुठे उतरली असती, तिथे काय केलं असतं तिनं.

ऊन उतरता उतरता ती माणसं परत आली. रंजिता सगळ्यांत पुढे नव्हती, तिसरी होती, आणि लंगडत होती. ती ओटीवर येऊन बसली, बूट काढले, मोजे काढताना तिनं दात आवळले. दोन्ही टाचांना फोड आले होते, डाव्या टाचेचा तर बोरापेक्षा मोठा. "मोजा वला झाला वर," ती म्हणाली, "झऱ्यात पाय घातलेले. मूर्खपना." तिचा चेहरा उन्हानं तांबूस झाला होता आणि डोळे अजून वरच कुठेतरी होते. हेतलबेननी सुई, दोरा आणि लाल औषध आणून दिलं. कसं करायचं ते सांगितलं, दोरा ओवलेली सुई फोडाच्या एका बाजूनं घालून दुसऱ्या बाजूनं काढायची, दोरा आत राहू द्यायचा, पाणी आपोआप झिरपतं. "आणा इकडं, मी करतंय," रंजिता म्हणाली, पण तिला टाच दिसत नव्हती. जीवननं हात पुढे केला. तिनं पाय आत ओढून घेतला. "तुमी नको. पायाला हात लावू नका." हौसाबाई चुलीकडे निघून गेली. जीवन दुखरा गुडघा लांब करून, ओटीच्या पायरीवर अवघडून बसला आणि तिची टाच त्यानं तळहातात घेतली. जड होती, धुळीनं खरखरीत, आणि कडेला जुन्या भेगा होत्या, कितीतरी जुन्या. त्यानं ओल्या फडक्यानं ती पुसली. सुई दिव्याजवळ धरून बघितली.

"दुखंल," तो म्हणाला.

"दुखू दे."

सुई आत गेली, पाणी आलं, ते त्यानं कापसानं टिपलं. दोरा ओढताना तिचा अंगठा आकसला आणि पुन्हा सैल झाला.

"पलस्प्याला एसटी कुठली होती?"

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो सुईकडे बघत होता, पण आपल्याकडे ती बघते आहे हे त्याला कळत होतं, आणि ती काय शोधते आहे तेही. तिला ते सापडलं नसावं.

"श्रीवर्धन," ती म्हणाली.

"चढली नाय तू?"

"चढले."

त्याचा हात थांबला. अंगणात विश्वजीत कुणाला तरी उद्याच्या जीपच्या वेळा सांगत होता.

"खिडकीची जागा मिळाली," रंजिता सांगू लागली. "कर्नाल्याच्या खिंडीत थंडगार वारा आला. पेन गेला. वडखलला गाडी थांबली, सगली उतरली वडा खायाला. मी पन उतरले. जागा जायाला नको म्हनून सीटवर रुमाल ठेवला. वडा खाल्ला, चा घेतला. कंडक्टरनं घंटी मारली, सगली चढली, आनि मी हुबीच. पाय हललं नाय. कुंदनचा डबा धुवायचा र्‍हायला होता सकालपासून, तो आठवला. गाडी गेली." ती थोडं हसली. "रुमाल गेला. श्रीवर्धनला."

त्यानं दोरा तोडला. दोन्ही टोकं फोडाच्या दोन्ही बाजूंना जरा जरा राहिली होती.

"कसला होता?"

"काय?"

"रुमाल."

"निला. चौकटीचा," ती म्हणाली. "तुमचाच होता."

जीवननं तिचा पाय हळूच पायरीवर ठेवला आणि सुईत पुन्हा दोरा ओवू लागला. उजेड कमी झाला होता, दोरा दोनदा हुकला. तिसऱ्यांदा गेला.

"दुसरा पाय दे," तो म्हणाला, "आनि मग त्या दिशी परत कशी आलीस ते सांग." तिनं पाय पुढे केला.